आरसिंक हाताने चालतं, क्रॉनमधून मरतं: सर्व्हरवर रिस्ट्रिक्टेड शेल आल्यापासूनची रडकथा

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील, म्हणून सगळंच लिहितो. कमांडी देवनागरीतच लिहिल्या आहेत, समजून घ्या.

सांगलीतल्या एका जुन्या वाचनालयाचा संगणक मी सांभाळतो. नोकरी नाही. बँकेतून निवृत्त झालो आणि घरात बसून बायकोच्या पायात पायात येण्यापेक्षा हे बरं वाटलं. २०१९ च्या ऑगस्टात तळमजल्यावर पाणी शिरलं आणि बांधीव अंकांची दोन कपाटं आम्ही अक्षरशः घमेल्यांनी बाहेर काढली. त्यानंतर जे उरलं ते स्कॅन करायला घेतलं. जुने दिवाळी अंक, संस्थेची इतिवृत्तं, देणगीदारांच्या वह्या धरून आज साडेतीनशे जीबीच्या आसपास भरतं. हे सगळं पहिल्या मजल्यावरच्या उबुंटू मशीनवर आहे, आणि रोज रात्री अडीचला क्रॉन (ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारा) एक बॅश स्क्रिप्ट, म्हणजे कमांडींची यादी, चालवून आरसिंक या फाइली पाठवणाऱ्या प्रोग्रामने त्याची प्रत पुण्यातल्या एका सर्व्हरवर पाठवतो. सर्व्हर एका हितचिंतकाच्या ऑफिसातला. जागा फुकट, त्यामुळे तक्रारीला तोंड नाही.

मार्चमध्ये तिथल्या ॲडमिनचा फोन आला. सुरक्षा कडक केली आहे, यापुढे पूर्ण शेल (सर्व्हरवर हवी ती कमांड चालवायची मुभा) मिळणार नाही, फक्त आरसिंक आणि एसएफटीपी (फाइली नेणं-आणणं). त्याने माझ्याकडून एसएसएचची, म्हणजे सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरायची, एक नवीन चावी करून घेतली, पासफ्रेजसकट (चावीचा पासवर्ड). फोनवर सांगेल तसं एसएसएच-ॲड केलं, पासफ्रेज दिली, त्याने सांगितलेली आरसिंकची एक कमांड चालवली, ‘चाचणी’ नावाचा फोल्डर पुण्यात दिसला. दोघेही खूश. फोन ठेवला.

परवा आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ३५ फुटांपुढे गेल्याचे मेसेज ग्रुपवर फिरायला लागले. सांगलीकरांना सांगायला नको, ४० ला इशारा आणि ४५ ला धोका. म्हटलं हार्ड डिस्क वरच्या मजल्यावर नेण्याआधी पुण्यातली प्रत एकदा डोळ्याने बघावी. घरच्या लॅपटॉपवरून फाइलझिलाने (एसएफटीपीचा प्रोग्राम) आत गेलो. शेवटचा फोल्डर ११ मार्चचा, आणि त्याच्या खाली ‘चाचणी’. बस्स.

चार महिने! आणि या चार महिन्यांत रोज सकाळी चहाबरोबर मला मशीनकडून मेल येतो आहे, ‘बॅकअप पूर्ण’.

पूर्ण लॉग (स्क्रिप्टच्या कामाची नोंद) उघडला तर प्रत्येक रात्रीची तीच ओळ: ‘प्रोटोकॉल व्हर्जन मिसमॅच, इज युवर शेल क्लीन?’ आणि खाली एरर कोड २. दोन्हीकडच्या आरसिंकच्या आवृत्त्या मिळत्याजुळत्या असल्याचं ॲडमिन म्हणतो. हाताने तीच फोनवरची कमांड आज पुन्हा चालवली, चालते. क्रॉनमधून नाही. मला वेड लागायचं बाकी आहे.

---

रात्रपाळी

क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांची फाइल) टक्क्याचं चिन्ह आहे का? तारखेचा फोल्डर करताना लोक डेट कमांडमध्ये टक्के लिहितात आणि क्रॉन त्या टक्क्याला नवी ओळ समजतो. हाताने चालतं, क्रॉनमध्ये नाही, हे त्याचंच लक्षण. मी यात एक अख्खा शनिवार घालवला आहे.

---

कृष्णाकाठ

नाही हो. क्रॉनटॅबमध्ये फक्त स्क्रिप्टचा पूर्ण पाथ आहे, टक्के सगळे स्क्रिप्टच्या आत.

---

शेल_शंख

मग टक्के निर्दोष. आणि आवृत्त्यांचा नाद सोडा, त्या मेसेजचा पहिला अर्धा भाग निव्वळ दिशाभूल आहे. दुसरा अर्धा शब्दशः घ्या: शेल स्वच्छ आहे का?

आत काय घडतं ते सांगतो. आरसिंक एसएसएचवरून पलीकडे आपलाच दुसरा अवतार सुरू करतं आणि दोघे बोलायला लागताना पहिल्यांदा एकमेकांना आपल्या प्रोटोकॉलचा (बोलायच्या नियमांचा) आकडा सांगतात. चार बाइट. आकडा तिसाच्या आसपासचा असतो. आता पलीकडून आरसिंकऐवजी दुसऱ्याच कोणीतरी काही मजकूर छापला, स्वागताचा संदेश म्हणा, जुन्या बॅशआरसीतला (शेल सुरू होताना चालणारी फाइल) एखादा एको (मजकूर छापणारी कमांड) म्हणा, तर अलीकडचं आरसिंक त्या मजकुराची पहिली चार अक्षरं आकडा म्हणूनच वाचतं आणि दचकतं.

तेव्हा पलीकडून काय छापलं जातंय ते बघायचं. एसएसएचने सर्व्हरवर नुसतं ‘ट्रू’ (काहीच न करणारी कमांड) चालवा आणि आउटपुट एका फाइलमध्ये वळवा. फाइल शून्य बाइटची आली पाहिजे. पण ही चाचणी क्रॉनमधूनच करा, टर्मिनलमधून नाही. पाच मिनिटांनंतरची वेळ टाकून एक तात्पुरती ओळ लिहा. आजारी माणसाचा ताप मोजायचा तर थर्मामीटर त्याच्याच तोंडात ठेवायला हवा.

आणि एक प्रश्न. ‘हाताने चालते’ म्हणजे अख्खी स्क्रिप्ट हाताने चालते, की फोनवरची ती एक कमांड?

---

कोकणकडा

मध्येच घुसतो, माफ करा. माझंही असंच, पण एससीपीचं (एसएसएचवरून फाइल कॉपी करायची कमांड). मशीन उबुंटू २२.०४ वरून २४.०४ ला नेल्यावर रिस्ट्रिक्टेड अकाउंटवर एससीपी बंद पडलं. संबंध आहे का?

---

शेल_शंख

नाही, तुमचं दुखणं निराळं. ओपनएसएसएच ९.० पासून, म्हणजे २०२२ पासून, एससीपी आतून एसएफटीपी वापरतं. पलीकडच्या शेलने फक्त जुनं एससीपी चालू ठेवलं असेल तर ते अडणारच. कॅपिटल ओ पर्याय देऊन बघा, जुनी पद्धत परत येते. पुढचं हवं तर वेगळा धागा काढा, काकांचा पूर ओसरू द्या.

---

कृष्णाकाठ

काका कसं ओळखलंत?

चाचणी केली. क्रॉनमधून आलेल्या फाइलमध्ये एकच ओळ: ‘धिस सर्व्हिस अलाउज एसएफटीपी कनेक्शन्स ओन्ली.’ चाळीस-एक बाइटची फाइल.

मग न राहवून टर्मिनलमधूनही केली, आधी एसएसएच-ॲड करून, नेहमीसारखी. तर तिथे वेगळंच! फाइल रिकामी, पण स्क्रीनवर आरआरसिंक नावाच्या कोणीतरी ‘ही कमांड आरसिंक नाही’ अशा अर्थाचं खेकसून परत पाठवलं. एकच सर्व्हर, एकच युजर, आणि दोन दारांवर दोन वेगळे रखवालदार कसे?

आणि हो, हाताने चालते ती फक्त फोनवरची कमांड. अख्खी स्क्रिप्ट हाताने चालवून बघायचं मला सुचलंच नव्हतं.

---

शेल_शंख

निवृत्तीचा उल्लेख तुम्हीच केलात की. तरी राग आला असेल तर परत घेतो.

सापडलं. दारं दोन, कारण चाव्या दोन. सर्व्हरवर ऑथराइज्ड-कीज नावाची फाइल असते आणि तिच्यात प्रत्येक चावीच्या ओळीच्या सुरुवातीला ‘ही चावी लावली तर एवढंच चालेल’ असं बांधून ठेवता येतं. ॲडमिनने तुमची जुनी चावी काढली नाही, ती फक्त एसएफटीपीला बांधली. फाइलझिला त्यानेच चालतो. नवीन चावी आरआरसिंकला बांधली. आरआरसिंक ही आरसिंकबरोबरच येणारी छोटी स्क्रिप्ट आहे, ती एका ठरावीक फोल्डरपुरतंच आरसिंक चालू देते.

टर्मिनलमध्ये तुम्ही एसएसएच-ॲड करता, म्हणजे नवीन चावी एजंटच्या (उघडलेल्या चाव्या सांभाळणारा प्रोग्राम) खिशात असते. एसएसएच एजंटच्या खिशातली चावी आधी पुढे करतं. दार उघडतं, आरसिंक चालतं. रात्री अडीचला क्रॉनकडे एजंट कुठला? मग एसएसएच होम फोल्डरमधली नेहमीच्या नावाची चावी लावतं, म्हणजे जुनी. तिने दार उघडतं, पण आत फक्त एसएफटीपी. आरसिंक मागितल्यावर सर्व्हर ते इंग्रजी वाक्य छापतो आणि आरसिंक त्यातल्या ‘धिस’ची चार अक्षरं प्रोटोकॉलचा आकडा म्हणून वाचतं. गंमत म्हणून मोजलं: १९३ कोटी ६२ लाख ८७ हजार ८२८. इतक्या पुढची आवृत्ती पाहून बिचारं बिथरणारच.

पासवर्ड मागितला नाही, ‘परमिशन डिनाइड’ आलं नाही, म्हणून चावीवर कोणाचाच संशय गेला नाही. चुकीच्या चावीने दार उघडलंच नसतं तर तुम्हाला मार्चमध्येच कळलं असतं.

उपाय: एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये एकाच सर्व्हरला दोन नावं द्या, ‘पुणे-बॅकअप’ आणि ‘पुणे-पाहणी’. प्रत्येकाखाली आपापली आयडेंटिटी-फाइल लिहा आणि ‘आयडेंटिटीज-ओन्ली येस’ टाका, म्हणजे एजंट खिशातलं भलतंच पुढे करणार नाही. बॅकअपवाल्याखाली ‘बॅच-मोड येस’ही टाका, म्हणजे पासफ्रेजची वाट बघत लटकण्याऐवजी तिथेच पडेल आणि कोड देईल. स्क्रिप्टमध्ये सर्व्हरच्या पत्त्याऐवजी हे नाव वापरा. नाव बदललं की वागणं बदलतं, हाताने असो की क्रॉनने.

---

रात्रपाळी

पण नवीन चावीला पासफ्रेज आहे. क्रॉनमध्ये कोण देणार?

आणि पासफ्रेज काढून टाका असं सांगणार असाल तर माझा आक्षेप नोंदवून ठेवतो. वाचनालयातल्या मशीनपाशी कोणीही बसतं.

---

मुळामुठा

आक्षेप नोंदवला, तरी पासफ्रेज काढाच. मी असे चाळीसेक सर्व्हर सांभाळते, सगळीकडे रात्रीच्या कामाच्या चाव्या बिनपासफ्रेजच्या आहेत. चावी चोरीला गेली तर चोराला काय करता येतं, हा खरा प्रश्न. इथे चावी एका फोल्डरपुरती आणि आरसिंकपुरती बांधलेली आहे. ॲडमिनला सांगून त्या ओळीत ‘रिस्ट्रिक्ट’ हा शब्दही घालून घ्या, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग, टर्मिनल सगळं बंद. ओपनएसएसएच ७.२ पासून तो चालतो. शिवाय आरआरसिंकला ‘डब्ल्यूओ’ पर्याय दिला की ती चावी फक्त लिहू शकते, वाचू शकत नाही. ‘नो-डेल’ दिला की पुसूही शकत नाही. वाचायला तुमची एसएफटीपीवाली चावी आहेच, ती घरच्या लॅपटॉपवर पासफ्रेजसकट ठेवा आणि वाचनालयाच्या मशीनवरून काढून टाका.

म्हणजे जिन्यातला दानपेटीचा प्रकार. टाकता येतं, काढता येत नाही.

ॲडमिनला उगाच दोष देऊ नका, त्याने काम नीट केलं आहे. बरेच जण अशा वेळी युजरचं शेल नोलॉगिन करून टाकतात, आणि बांधलेली कमांडसुद्धा त्या युजरच्या लॉगिन शेलमधूनच चालत असल्यामुळे आरआरसिंकही मरतं. ‘धिस अकाउंट इज करंटली नॉट अव्हेलेबल’ छापून येतं आणि अलीकडे पुन्हा तोच प्रोटोकॉलचा शिमगा.

आता काका, स्क्रिप्टमध्ये ओळीने काय काय होतं ते लिहा. चावी दुरुस्त झाल्यावर ती पुढच्या पायरीवर पडणार, यावर पैज.

---

कृष्णाकाठ

पैज जिंकलात. चाव्या वेगळ्या केल्या, पासफ्रेज काढली (रात्रपाळी, मशीनची खोली आता कुलूपबंद, किल्ली ग्रंथपाल बाईंकडे), प्रोटोकॉलची तक्रार गेली. आता ‘एमकेडिर फेल्ड, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ आणि कोड ११.

स्क्रिप्ट अशी:
पहिली ओळ एसएसएचने सर्व्हरवर एमकेडिर करून आजच्या तारखेचा फोल्डर बनवते.
मग आरसिंक, होम फोल्डरपासूनचा पूर्ण पाथ, त्यात बॅकअप, त्यात आजची तारीख. लिंक-डेस्टमध्ये दोन टिंबं आणि कालची तारीख, म्हणजे न बदललेल्या फाइली दुसऱ्यांदा जागा खात नाहीत.
मग एसएसएचने आरएम, ६० दिवसांपूर्वीचे फोल्डर पुसायला.
आरसिंकचं आउटपुट टी कमांडने लॉगमध्ये जातं, पुढे दोन अँपरसँड (आधीचं जमलं तरच पुढचं) आणि एको ‘बॅकअप पूर्ण’. शेवटची ओळ मला मेल.

२०२० मध्ये एका भाच्याने लिहून दिली होती. तो आता ऑस्टिनला असतो, त्याला विचारायची लाज वाटते.

---

मुळामुठा

भाच्याने त्या काळासाठी चांगलीच लिहिली होती. तेव्हा पूर्ण शेल होतं. आता ओळीने जाऊ.

एमकेडिरची ओळ काढून टाका, ती आता कधीच चालणार नाही. गरजही नाही. पाथमधला शेवटचा एक फोल्डर आरसिंक स्वतः बनवतं. मधले बनवत नाही, म्हणून तुमचा कोड ११. आरआरसिंकच्या जगात तुमचा बॅकअप फोल्डर हाच मूळ. तुम्ही होमपासूनचा पूर्ण पाथ दिलात की तो त्या मुळाच्या आत पुन्हा होम, त्यात पुन्हा बॅकअप असं शोधत बसतो. कोलननंतर स्लॅश आणि तारीख, एवढंच लिहा.

लिंक-डेस्टमधली दोन टिंबं आरआरसिंकला चालत नाहीत. टिंबं वापरून कोणी फोल्डरबाहेर उडी मारू नये म्हणून तो ती नाकारतो. तिथेही स्लॅश आणि आधीची तारीख लिहा, तो स्लॅश तुमच्या मुळापासून धरतो. पण ‘काल’ लिहू नका! आज लिंक-डेस्ट कालचा फोल्डर शोधेल, तो नाही, आणि साडेतीनशे जीबी नव्याने चढायला लागतील. पहिल्या वेळी ११ मार्च हाताने लिहा. पुढे, कोड शून्य आला तरच ती तारीख एका छोट्या फाइलमध्ये नोंदवायची आणि दुसऱ्या दिवशी तिथून वाचायची.

आरएमची ओळ तर काढाच. जुनं पुसणं हे पुण्याच्या बाजूचं काम, ॲडमिनला तिथे क्रॉन लावायला सांगा. उद्या वाचनालयाच्या मशीनमध्ये खंडणीवाला व्हायरस शिरला तर तुमच्याच स्क्रिप्टच्या हातांनी तो पुण्यातली प्रत पुसू शकतो, हे आजवर शक्य होतं. आताही जुन्या तारखेच्या फोल्डरवर नवीन फाइल लिहिता येतेच, त्यामुळे त्याच्याकडे सर्व्हरच्या बाजूने स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) मिळतो का तेही विचारा.

टीबद्दल शंखराव लिहितील, मला मीटिंग आहे.

---

शेल_शंख

लिहितो, कारण चार महिने तिथे गेले, चाव्यांमध्ये नाही.

पाइपने जोडलेल्या कमांडींमध्ये बॅश शेवटच्या कमांडचा कोड धरतो. आरसिंक पडलं, कोड २. टीने ती पडल्याची बातमी इमानदारीने लॉगमध्ये लिहिली आणि स्वतः कोड शून्य दिला. त्याचं काम झालंच होतं. पुढचे अँपरसँड टीकडे बघून म्हणाले, ठीक आहे, छापा ‘बॅकअप पूर्ण’. तुमच्या बँकेत क्लिअरिंगमध्ये चेक परत आला, शिपायाने परतीचा मेमो नीट फाइलला लावला, आणि फाइल लागली म्हणून पार्टीला ‘पैसे जमा’ कळवलं, असं.

स्क्रिप्टच्या वर ‘सेट मायनस ओ पाइपफेल’ लिहा. मग पाइपमधलं कोणीही पडलं तर कोड वाहत येतो. मेलमध्ये शेवटची ओळ नको, कोडचा आकडा पाठवा. ० म्हणजे झालं. २३ म्हणजे काही फाइली राहिल्या, लॉग बघा. २४ म्हणजे चालू असताना काही फाइली गायब झाल्या, स्कॅनिंग सुरू असेल तर हे होतं, घाबरू नका. बाकी काहीही आलं तर उठून बसा.

---

कृष्णाकाठ

तीन दिवसांनी लिहितोय. मध्ये वीज नव्हती.

पहिल्या रात्री हातानेच चालवली, अख्खी स्क्रिप्ट, तुमच्या पुण्याईने. ११ मार्चनंतरचं जवळपास चाळीस जीबी, पहाटेपर्यंत साडेचार तास. मी तिथेच बसलो होतो, ग्रंथपाल बाईंनी थर्मास दिला होता. काल रात्री क्रॉनमधून: कोड ०, एकोणीस मिनिटं.

आज घरून ‘पुणे-पाहणी’ने १९५८ ची इतिवृत्ताची एक वही खाली उतरवली, इथल्या फाइलचा आणि तिचा एसएचए-२५६ बेरीज-आकडा काढून बॅलन्सिंग केलं. जुळलं. तीस वर्षं कॅश टॅली केली आहे, डोळ्याने ‘दिसते तशीच’ म्हणून मी सोडत नाही. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक फाइल, कुठलीही, असं वहीत लिहून ठेवलं आहे.

ॲडमिनला फोन केला. नो-डेल लावला, पुसण्याचा क्रॉन त्याने आपल्याकडे घेतला. ६० ऐवजी ९० दिवस ठेवतो म्हणाला. स्नॅपशॉटचं विचारलं तर म्हणाला, ‘ते आधीपासून आहेत, तुम्ही कधी विचारलंत नाही.’ मी फोन ठेवून पाच मिनिटं भिंतीकडे बघत बसलो.

भाच्याला स्क्रिप्ट पाठवली, काय काय बदललं ते लिहून. त्याचं उत्तर आलं: ‘मामा, टीची चूक माझी. सॉरी.’ त्याला म्हटलं दिवाळीला ये, अंक दाखवतो.

पाणी ३१ फुटांवर आहे. डिस्क वरच्या मजल्यावरच राहू दिली आहे.

---

रात्रपाळी

खोलीला कुलूप लावलंत ना, मग आक्षेप मागे. ‘सेट मायनस ओ पाइपफेल’ आमच्या ऑफिसच्या स्क्रिप्टमध्ये शोधलं. नाहीये. येतो जरा.